पुन्हा उठेल ना?

चालू असलेल्या मशीनकडे बघून ते उद्या बूट होईल की नाही, म्हणजे बंद करून चालू केल्यावर पुन्हा उठेल की नाही, हे सांगता येत नाही. आमच्याकडे सर्व्हर सांभाळायच्या कामाला लागणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला मी पहिल्याच दिवशी हे वाक्य सांगते. ऐकताना ते फार साधं वाटतं, त्यामुळे मान लगेच डोलते. त्याचा खरा अर्थ कन्सोलसमोर उभं राहिल्यावरच कळतो.

चालू मशीनचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा मुख्य भाग, मेमरीत असतो. तो ज्या फायलींमधून वर आला त्या डिस्कवर अजून तशाच आहेत का, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. अपडेट येतं, फायली बदलतात, बूटलोडर (सुरुवातीला कर्नल मेमरीत चढवणारा प्रोग्रॅम) बदलतो, आणि जुना कर्नल आपला मजेत चालत राहतो. वेबसाइट उघडते, बिलं छापली जातात, मॉनिटरिंगच्या पडद्यावर सगळं हिरवं दिसतं. बदललेल्या फायली पहिल्यांदा वाचल्या जातात त्या पुढच्या बूटला. तो दिवस आठ दिवसांनी येतो किंवा आठ महिन्यांनी. म्हणून कुणी मोठ्या कौतुकाने तीन आकडी अपटाइम (मशीन रीबूट न होता चाललेले दिवस) दाखवला की मला धास्तीच वाटते. इतक्या दिवसांत या मशीनवर किती अपडेट साचली असतील आणि त्यातलं एकही बूट होऊन तपासलं गेलेलं नाही, एवढंच मला त्या आकड्यात दिसतं.

मी राहते ठाण्यात आणि काम करते ऐरोलीला. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने जो टीटीसीचा औद्योगिक पट्टा आहे, तिथे एके काळी मुख्यतः रसायनांचे आणि इंजिनिअरिंगचे कारखाने होते. आता ऐरोली, रबाळे, महापे इथे त्यांच्याच शेजारी डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या आहेत. बाहेरून काही कळत नाही. आत एकेका होस्टवर, म्हणजे खऱ्या सर्व्हरवर, डझनांनी गेस्ट, म्हणजे सॉफ्टवेअरने उभी केलेली व्हर्च्युअल मशीन, चालू असतात आणि त्यातलं प्रत्येक मशीन कुणाच्या तरी पगाराचं, औषधाच्या साठ्याचं, शाळेच्या फीचं काम करत असतं. ते उठलं नाही तर कुठेतरी कुणीतरी काउंटरवर ताटकळत उभं राहतं. हे मला कधी विसरता येत नाही आणि विसरायचंही नाही.

बूट होताना जे घडतं ते मला आजही बघत राहावंसं वाटतं. जुन्या बायोस (मशीन चालू होताच आधी धावणारं फर्मवेअर) पद्धतीत सुरुवात होते डिस्कच्या पहिल्या सेक्टरपासून. तो ५१२ बाइटचा. त्यातले ६४ बाइट पार्टिशनच्या (डिस्कच्या कप्प्यांच्या) नोंदींचे, शेवटचे २ ओळखखुणेचे, म्हणजे प्रत्यक्ष कोडसाठी उरले ४४६. एवढ्याशा जागेत फारसं काही मावत नाही, म्हणून तो कोड फक्त पुढच्या तुकड्याला हाक मारतो. तो पुढचा तुकडा म्हणजे ग्रब या लिनक्सच्या बूटलोडरचा गाभा. तो पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या पट्टीत ठेवलेला असतो, कुठल्याही फोल्डरमध्ये दिसत नाही. तो गाभा बूट फोल्डर शोधतो, तिथून आपली मॉड्यूल्स उचलतो, मेनू दाखवतो, कर्नल आणि इनिट-रॅम-एफएस मेमरीत चढवतो. इनिट-रॅम-एफएसमध्ये खऱ्या डिस्कपर्यंत पोचायला लागतील तेवढे ड्रायव्हर असतात. रूट, म्हणजे मुख्य फाइल सिस्टिम, सापडलं की कारभार बाकीच्या सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीच्या हाती जातो. हे सगळं अर्ध्या मिनिटात होतं. यातल्या प्रत्येक तुकड्याने गृहीत धरलेलं असतं की पुढचा तुकडा ठेवलेल्या जागी, ठेवलेल्या रूपात सापडेल.

अपडेट नेमकं हेच गृहीतक मोडू शकतं. ते कसं, हे मी सगळ्यात जवळून पाहिलं ते २०२० मध्ये.

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली. लोकल जिथल्या तिथे थांबल्या. कळवा-पडघा वाहिन्यांची नावं त्या दिवशी घराघरांत पोचली. कोविडचा काळ, मी घरून काम करत होते. महापे एमआयडीसीतल्या आमच्या एका क्लायंटकडे छोटीशी सर्व्हर रूम होती. यूपीएसने जमेल तेवढा वेळ दम धरला आणि मग होस्ट बंद पडले. वीज परत आल्यावर होस्ट उठले, बरेचसे गेस्टही उठले, काही मात्र उठलेच नाहीत. न उठलेल्यांमध्ये व्हीपीएनचं (बाहेरून सुरक्षितपणे आत जोडून घेण्याचं) गेस्टही होतं, त्यामुळे घरून काही करणं शक्य नव्हतं. स्कूटर काढली आणि विटाव्याहून, ऐरोलीवरून महाप्याला पोचले.

होस्टवरून बिलांच्या गेस्टचा कन्सोल, म्हणजे त्याचा पडदा, उघडला. काळ्या पडद्यावर तीन ओळी होत्या:

एरर: सिम्बॉल 'ग्रब_कॅलॉक' नॉट फाउंड.
एंटरिंग रेस्क्यू मोड...
ग्रब रेस्क्यू>

मेनू नाही. कर्नलची यादी नाही. कर्नलच्या अपडेटने घोटाळा केला तर आपण मेनूतून जुना कर्नल निवडतो आणि मशीन वर आणतो, पण इथे मेनू दाखवणारं मॉड्यूलच चढत नव्हतं. डिस्पॅचचे सुपरवायझर काका दारात उभे होते. "ताई, गाडी गेटवर लागलीये. ई-वे बिल निघेल का आज?" मी म्हटलं, "काका, निघेल. थोडा वेळ द्या."

'ग्रब_कॅलॉक' हे नाव वाचल्यावर मला तारीख आठवली. त्याच वर्षी २९ जुलैला बूटहोल नावाचा ग्रबमधला दोष जाहीर झाला होता. ग्रब आपली कॉन्फिगरेशन फाइल ज्या पद्धतीने वाचतो त्यात खोट होती आणि तिचा फायदा घेऊन सिक्युअर बूटलाच (फक्त विश्वासाची सही असलेला कोड बूट होऊ देणाऱ्या पहाऱ्यालाच) बगल देता येत होती. दुरुस्ती आवश्यक होती आणि जवळजवळ सगळ्या लिनक्स वितरणांनी ती लगेच दिली. त्या दुरुस्तीत मेमरी मागून घेण्याचं काम जास्त सुरक्षित करणारं एक नवं फंक्शन ग्रबच्या गाभ्यात आलं. तेच हे ग्रब_कॅलॉक. नवी मॉड्यूल्स त्याला हाक मारतात. गाभा जुनाच राहिला असेल तर ओ देणारं कुणी नसतं.

गाभा जुना का राहिला? ते गेस्ट एका टेम्पलेटवरून (तयार नमुना मशीनवरून) क्लोन, म्हणजे नक्कल, केलेलं होतं. ग्रब कोणत्या डिस्कवर बसवायचा याची नोंद पॅकेज सिस्टिमकडे असते, आणि ती नोंद टेम्पलेटच्या मूळ डिस्कची होती. मूळ डिस्क एसडीए, क्लोन व्हर्टआयओवर (व्हर्च्युअल मशीनसाठीच्या खास डिस्क-जोडणीवर), म्हणजे डिस्क व्हीडीए. अपडेट आलं तेव्हा नवी मॉड्यूल्स बूट फोल्डरमध्ये व्यवस्थित उतरली. गाभा मात्र जिथे लिहायचा होता तिथे लिहिलाच गेला नाही, कारण नोंदीतली डिस्क या मशीनला नव्हतीच. त्या दिवसापासून ग्रबचे दोन भाग एकमेकांना अनोळखी होते आणि मशीन अडीच महिने चलनं छापत राहिलं.

दुरुस्ती तशी मोठी नाही. गेस्टला रेस्क्यू आयएसओ (दुरुस्तीसाठीची बूट डिस्क, फाइलच्या रूपात) लावली, त्यावरून बूट केलं, खरं रूट माउंट केलं, डेव्ह, प्रोक आणि सिस हे कर्नलचे खास फोल्डर त्यात बाइंड केले, सीएचरूट करून (त्यालाच आपलं रूट मानून) आत शिरले, व्हीडीएवर ग्रब-इन्स्टॉल चालवलं, मेनू नव्याने बनवला आणि पॅकेज सिस्टिमला खरी डिस्क कोणती ते सांगितलं. शेवटची पायरी बरेच जण सोडतात. ती सोडली की पुढच्या ग्रब अपडेटला हीच कथा पुन्हा. आयएसओ काढून गेस्ट चालू केलं, मेनू आला, लॉगिनची ओळ आली. काकांचं बिल निघालं, गाडी गेली.

ज्यांनी ऑगस्टमध्येच ते अपडेट टाकून लगेच रीबूट केलं होतं, त्यांनाही हीच एरर आली असेल. पण आली तेव्हा काय बदललंय ते डोक्यात ताजं होतं, स्नॅपशॉट (मशीनची आधीची जपून ठेवलेली स्थिती) हाताशी होता, आणि वेळ त्यांनी स्वतः निवडलेली होती. आमच्या क्लायंटसाठी ती वेळ वीज गेल्याने निवडली. अपडेट आणि रीबूट यांच्यामध्ये जेवढं अंतर पडतं, तेवढी बिघाडाची कारणं धूसर होत जातात, हे मला त्या दुपारी पुरतं पटलं. तेव्हापासून माझ्या हिशेबी अपडेट टाकून झालं असं मी तेव्हाच म्हणते, जेव्हा मशीन कुणाच्या तरी डोळ्यांदेखत पुन्हा उभं राहतं.

याला जोडून आणखी एक सवय लागली. अपडेट टाकायच्या आधी एक रीबूट. क्लायंटला हे पटवणं सोपं नसतं. "मॅडम, दोनदा डाउनटाइम कशाला?" हा प्रश्न ठरलेला. माझं उत्तरही ठरलेलं आहे: पहिल्या रीबूटला मशीन उठलं नाही, तर दोष आजच्या अपडेटचा नाही, आधीपासून पडून असलेला आहे, आणि तो आत्ता, ताजा बॅकअप हातात असताना सापडला. पहिल्याला उठलं आणि दुसऱ्याला उठलं नाही, तर शोध फक्त आजच्या बदलांत घ्यायचा. पाच मिनिटांच्या त्या डाउनटाइमने रात्री दोन वाजताचे कितीतरी वाद वाचतात.

व्हर्च्युअल मशीनच्या बाबतीत खरी गुंतागुंत निराळीच आहे. बूटची अर्धी साखळी गेस्टच्या डिस्कवर असते आणि अर्धी होस्टच्या ताब्यात. फर्मवेअर, डिस्कचा कंट्रोलर, गेस्टला दिसणारा सीपीयू, युईएफआयचा (बायोसच्या जागी आलेल्या फर्मवेअरचा) एनव्हीरॅम, म्हणजे त्याच्या बूट नोंदींची साठवण, हे सगळं होस्ट ठरवतो. कर्नल, ग्रब, इनिट-रॅम-एफएस गेस्टचं. आणि ही दोन टोकं सांभाळणारी माणसं बहुतेक वेळा वेगळ्या टीममध्ये, कधी वेगळ्या कंपन्यांतही असतात. गेस्टवाल्यांना होस्टची सेटिंग दिसत नाहीत, होस्टवाल्यांना गेस्टमध्ये आज काय अपडेट झालं ते कळत नाही.

सीपीयूचंच घ्या. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ हे २०२२ मध्ये आलं आणि त्याने एक्स८६-६४-व्ही२ ही किमान पातळी ठरवली, म्हणजे एसएसई ४.२ सारख्या सूचना सीपीयूला यायलाच हव्यात. आजच्या कुठल्याही सर्व्हरला त्या येतात. पण क्यूईएमयू या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या जुन्या व्हीएमना (व्हर्च्युअल मशीनना) बऱ्याचदा केव्हीएम६४ सारखा जुनापुराणा सीपीयू दाखवलेला असतो, कारण तसं केलं की ती व्हीएम कुठल्याही होस्टवर हलवता येते. अशा व्हीएमच्या सेटिंगवर ९ चढवलं की जीलिबसी ही लिनक्सची मूळ लायब्ररी सांगते, सीपीयू एक्स८६-६४-व्ही२ला सपोर्ट करत नाही. इनिट, म्हणजे पहिली प्रोसेस, मरतो आणि कर्नल पॅनिक, म्हणजे मशीन जागीच थांबतं. खाली खणखणीत झिऑन प्रोसेसर आणि वर ही तक्रार! उपाय होस्टच्या सेटिंगमध्ये: सीपीयूचा प्रकार बदलायचा. त्यातही एक बारकावा आहे. गेस्टच्या आतून रीबूट केल्याने तो बदल लागू होत नाही, कारण क्यूईएमयूची प्रोसेस तीच राहते. व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावी लागते. 'बदललं, रीबूटही केलं, तरी तेच' असं तिकीट आलं की मी आधी हे विचारते. रेड हॅट १० ने ही पातळी आणखी वर, व्ही३ वर नेली आहे. तिथे एव्हीएक्स२ लागतं, तेव्हा जुन्या सेटिंगच्या व्हीएमना हा प्रश्न पुन्हा येणारच.

इनिट-रॅम-एफएसचा घोळ सध्या जास्त दिसतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर (व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी) ताब्यात घेतलं, लायसन्सची गणितं बदलली, आणि इकडचे कितीतरी जण केव्हीएमवर (लिनक्समधल्याच व्हर्च्युअल मशीनच्या सोयीवर) आधारलेल्या प्लॅटफॉर्मकडे वळले. रेड हॅटच्या घराण्यातलं ड्रॅकट हे साधन इनिट-रॅम-एफएस बनवताना फक्त समोर दिसणाऱ्या हार्डवेअरचे ड्रायव्हर घेतं. स्वतःच्या घराच्या कुलपाचीच किल्ली खिशात घेऊन निघालेल्या माणसासारखं. व्हीएमवेअरवर बनलेल्या इमेजमध्ये व्हर्टआयओचा ड्रायव्हर नसतो. नव्या होस्टवर डिस्क समोर असून दिसत नाही, ड्रॅकट वाट बघून बघून थकतं आणि इमर्जन्सी शेलमध्ये टाकतं. हलवण्याआधी व्हर्टआयओचे ड्रायव्हर घालून इमेज नव्याने बांधली की प्रश्न मिटतो. फसगत होते ती वेगळ्याच क्रमाने. हलवताना डिस्क आयडीई (जुन्या पद्धतीची जोडणी) म्हणून जोडली जाते, मशीन उठतं, सगळे निश्चिंत. मग कर्नलचं अपडेट येतं, नवी इमेज त्या आयडीईपुरतीच बांधली जाते. त्याच आठवड्यात होस्टवाले वेग वाढावा म्हणून कंट्रोलर व्हर्टआयओ करून ठेवतात. पुढच्या बूटला दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि मशीन पडलेलं असतं. अशा वेळी मेनूतली शेवटची, 'रेस्क्यू' लिहिलेली ओळ कामी येते, कारण ती इमेज सगळे ड्रायव्हर घेऊन बनवलेली असते. जागा वाचवायला ती ओळ काढून टाकणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, ठेवा हो ती.

बूट पार्टिशन भरून इमेज अर्धवट लिहिली जाणं, एफएसटॅबमध्ये (डिस्क कुठे जोडायच्या त्या यादीत) यूयूआयडी या न बदलणाऱ्या ओळखीऐवजी एसडीए-एसडीबी अशी नावं असणं, हे नेहमीचे यशस्वी कलाकार. त्यांच्यावर फार लिहायला नको, अपडेटच्या आधी दोन मिनिटं बघितलं तरी सापडतात. एनव्हीरॅमकडे मात्र कुणी बघत नाही. युईएफआय गेस्टच्या बूट नोंदी डिस्कबाहेरच्या एका वेगळ्या फाइलमध्ये असतात. बॅकअपमधून फक्त डिस्क परत आणली तर त्या नोंदी येत नाहीत, आणि फर्मवेअर मग एका ठरलेल्या पर्यायी जागी बूट फाइल शोधतं. डेबियन तिथे आपणहून काही ठेवत नाही, इन्स्टॉल करताना तसं सांगावं लागतं.

विंडोजवाल्यांनाही यातून सुटका नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये विंडोज सर्व्हर २०२२ चं केबी५०२२८४२ हे अपडेट आलं, आणि व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय ६.७ व ७.० या होस्ट सॉफ्टवेअरवरच्या सिक्युअर बूट चालू असलेल्या व्हीएम उठेनाशा झाल्या. गेस्टची नवी बूट फाइल होस्टच्या व्हर्च्युअल फर्मवेअरने नाकारली होती. दुरुस्ती त्याच महिन्यात आली, आणि ती आली होस्टच्या अपडेटमध्ये. गेस्टमध्ये कितीही शोधलं असतं तरी ती तिथे सापडली नसती. १९ जुलै २०२४ ची क्राउडस्ट्राइकची घटना, म्हणजे त्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष फाइलमुळे मशीन बूट होईनाशी झाली ती, ऑपरेटिंग सिस्टिमच्या अपडेटची नव्हती, पण तिने एक गोष्ट ठळक केली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन त्यात सापडली. टेबलावरच्या बहुतेक मशीनपाशी कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन बसावं लागलं. व्हीएमची डिस्क मात्र सोडवून दुसऱ्या धडधाकट व्हीएमला जोडता येत होती, नको असलेली फाइल काढून परत मूळ जागी लावता येत होती.

व्हर्च्युअल मशीनची हीच खरी श्रीमंती आहे आणि ती आपण फार कमी वापरतो. लोखंडाच्या सर्व्हरची नक्कल काढून 'बघू उठतोय का' म्हणता येत नसे. व्हीएमची काढता येते. मोठ्या अपडेटआधी मी क्लोन काढते, त्याची नेटवर्क केबल व्हर्च्युअली उपटते आणि मग त्याच्यावर अपडेट टाकून कन्सोलवर त्याचं बूट बघते. केबल उपटायचीच. नाहीतर क्लोन उठल्या उठल्या स्वतःला खरा सर्व्हर समजून ठरलेली कामं करायला लागतो, आणि क्लायंटच्या ग्राहकांना एकच मेसेज दोनदा जातो. क्लोन उठला की पुन्हा एकदा बंद-चालू करते, मगच खऱ्याकडे वळते. खऱ्यावर ग्रबचा मेनू निदान पाच सेकंद थांबेल असं ठेवते, कारण शून्य सेकंदांच्या मेनूत जुना कर्नल निवडायला कुणाचाच हात पोचत नाही. लांबच्या मशीनवर नवा कर्नल फक्त एका बूटपुरता निवडून ठेवते आणि पॅनिक झालं तर मशीनने स्वतःच रीबूट व्हावं असं पॅरामीटर देते. पॅनिक झालंच तर दुसऱ्या खेपेला ते जुन्या कर्नलवर परत येतं. बूट फोल्डर एलव्हीएमवर (पार्टिशन एकत्र करून बनवलेल्या लवचीक साठ्यावर) असेल तर मात्र ग्रबला ती 'एकदाच' वाली नोंद पुसता येत नाही, तिथे ही युक्ती वापरायची नाही.

आमच्या टीममध्ये नव्या मुलांना मी एक व्हीएम देते आणि सांगते, हिचं बूट मोडा. कुणी ग्रबचा गाभा पुसतं, कुणी इनिट-रॅम-एफएस उडवतं, मग ती व्हीएम शेजारच्याला द्यायची आणि त्याने ती उठवायची. पहिल्या खेपेला हात थरथरतात. थोड्या दिवसांनी त्यातलीच एखादी मुलगी रेस्क्यू प्रॉम्प्ट बघून शांतपणे म्हणते, "अगं, मॉड्यूल्स कुठल्या पार्टिशनवर आहेत ते आधी बघूया." हे ऐकायला मला मनापासून आवडतं.

सध्या डोक्यात आहे तो सिक्युअर बूटच्या प्रमाणपत्रांचा, म्हणजे बूट फाइलवरची सही ज्यांच्यावरून तपासतात त्यांचा, विषय. मायक्रोसॉफ्टच्या २०११ च्या प्रमाणपत्रांची मुदत २०२६ ची आहे, काहींची जूनची, एकाची ऑक्टोबरची. मुदत संपली म्हणून त्या दिवशी मशीन उठायचं थांबत नाही, पण नवी प्रमाणपत्रं नसतील तर बूटशी संबंधित पुढच्या सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत. व्हीएममध्ये ही प्रमाणपत्रं त्याच एनव्हीरॅममध्ये असतात, तेव्हा जुन्या टेम्पलेटवरून बनलेल्या व्हीएममध्ये जुनीच निघणार, आणि ती बदलायची तर गेस्ट आणि होस्ट दोन्हीकडचे लोक एका कॉलवर लागणार. होस्टवाल्यांकडे मी यादी मागितली आहे: कोणती व्हीएम, कोणत्या टेम्पलेटवरून, कधी बनली, सिक्युअर बूट चालू की बंद. शेवटचा रकाना मी स्वतः वाढवला आहे, ही व्हीएम शेवटची कधी रीबूट झाली आणि तेव्हा कन्सोलवर कोण होतं.